‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’: विचारतात तर खरं, पण ऐकतं कोण?

पेपरात आतल्या पानावर, टेंडरच्या जाहिराती आणि नाव बदलल्याच्या नोटिसांच्या मधे कुठेतरी बारीक टायपातली एक चौकट असते. अमुक शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत, खाली कायद्याचं कलम, मुदत, ऑफिसचा पत्ता. आपण पान उलटतो. मग काही वर्षांनी कळतं की सोसायटीमागच्या मैदानातून रस्ता जातोय, किंवा शाळेचं आरक्षण होतं तिथे आता बिल्डिंग उभी राहणार आहे, आणि आपण तावातावाने ऑफिसात जातो तर तिथला माणूस शांतपणे म्हणतो, अहो हरकती मागवल्या होत्या की, तेव्हा का नाही दिलीत?

चिडायला होतं, पण कागदावर तो बरोबर असतो. लोकांना विचारायच्या जागा आपल्याकडे खरंच कमी नाहीत. गावात ग्रामसभा आहे. शहराचा विकास आराखडा, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे हरकती मागवल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही. खाण, धरण, औष्णिक वीज केंद्र असल्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांना २००६च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी लागते. महापालिकांच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभा नावाची तरतूद आली, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांची ग्रामसभेसारखी सभा, ती तुम्ही कधी बघितली असेल तर तुम्ही भाग्यवान. आणि केंद्र सरकारने २०१४ साली स्वतःच ठरवलं की नवीन कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा. म्हणजे दारं भरपूर आहेत. आत गेल्यावर काय होतं ती भानगड आहे.

मुंबईच्या डीपीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात चांगलं-वाईट दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतं. डीपी म्हणजे पुढच्या वीस वर्षांत कुठे रस्ता, कुठे दवाखाना, कुठे बाग, कुठे किती उंच बांधायचं याचा नकाशा आणि त्याच्यासोबतची नियमावली. २०१४ ते २०३४ साठीचा मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकांपुढे आला आणि लोकांनी आपापला एरिया उघडून बघितला तर काय, उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, जुन्या वारसा वास्तू गायब, काही ठिकाणी धार्मिक स्थळांची नोंदच नाही, आरे कॉलनीच्या हिरव्या पट्ट्यात भलतंच काहीतरी. बोंबाबोंब झाली. गल्लीबोळात मीटिंगा झाल्या, हजारोंनी हरकती पडल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा गुंडाळून चुका दुरुस्त करून नवा करायला सांगितलं. सुधारित मसुदा आला मे २०१६ मध्ये, सरकारची मंजुरी मिळून अंमल सुरू व्हायला २०१८ उजाडलं. २०१४ पासूनचा आराखडा २०१८ मध्ये.

आता याला लोकांचा विजय म्हणायचं का? तात्पुरता म्हणा. पण जरा मागे जाऊन बघितलं तर आराखड्याच्या आधी ‘विद्यमान जमीन वापर’ नकाशे बनतात, म्हणजे आज कोणत्या प्लॉटवर काय आहे त्याची नोंद. त्या नकाशांमध्येच चुका आहेत हे नागरिक संघटना आधीपासून दाखवून देत होत्या, त्यातल्या काही दुरुस्त पण झाल्या. पाया भरतानाच वॉर्डावॉर्डात बसून लोकांकडून नकाशे नीट तपासून घेतले असते, कारण आपल्या गल्लीत देऊळ आहे की नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं, तर नंतरची ती सगळी धावपळ आणि गेलेली वर्षं बरीचशी वाचली असती. आपल्याकडे विचारायची वेळ येते ती सगळं ठरल्यावर, लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर मुलीला विचारावं की मुलगा पसंत आहे ना, तशी. त्या वेळी सल्लागार कंपनीचं बिल निघालेलं असतं, खात्याने भूमिका घेतलेली असते, नकाशावर रंग चढलेले असतात. मग आलेली प्रत्येक सूचना ही सूचना राहत नाही, कुणाच्यातरी केलेल्या कामावर काट मारणं होतं, आणि केलेल्या कामावर काट मारून घ्यायला कुणालाच आवडत नाही, सरकारी असो की प्रायव्हेट.

म्हणून पहिला बदल वेळेचा. मसुदा तयार झाल्यावर एकदा, पण त्याच्या आधीही एकदा, जेव्हा अजून प्रश्नच मांडला जातोय. ‘इथे रस्ता टाकतोय, काय म्हणता’ यापेक्षा ‘या भागात तुमचं सगळ्यात जास्त काय अडतं’ हे विचारलं तर उत्तरं वेगळी येतात. कदाचित रस्ता नकोच असेल, बसची फेरी हवी असेल.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला जरा जास्त राग आहे. २०२० साली केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल हे आधी तपासायच्या नियमांचा, मसुदा काढला. एप्रिलमध्ये राजपत्रात आला, म्हणजे बरोब्बर कडक लॉकडाऊनमध्ये, आणि तो इंग्रजी-हिंदीत. ज्यांच्या शेजारी खाण येणार ते गडचिरोलीचे, ज्यांच्या समुद्रावर बंदर येणार ते कोकणातले किंवा तिकडे तामिळनाडूचे, त्यांनी तो वाचायचा कसा? प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. कोर्टाने ३० जून २०२० ला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि सांगितलं की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये भाषांतर करा. सरकारचं म्हणणं काय, तर कायद्याने इंग्रजी आणि हिंदी एवढंच बंधनकारक आहे. ते या आदेशाविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेले, तिथून पुन्हा हायकोर्टात जा म्हणून परत आले. दरम्यान त्या मसुद्यावर लाखोंच्या संख्येने मेल पडले आणि तो मसुदा त्या रूपात कधी अंतिम झालाच नाही.

पण नुसतं मराठी भाषांतर केलं की झालं असंही नाही हां. आपलं सरकारी मराठी तुम्ही वाचलंय ना? ‘उपरोक्त अधिसूचनेतील परिच्छेद क्रमांक अमुकमध्ये विहित केल्याप्रमाणे’ वगैरे. एमएला मराठी घेतलेला माणूस पण दोनदा वाचतो. डीपीचा नकाशा तर त्याच्याही पलीकडे, त्यात पिवळा म्हणजे रहिवासी हे कळलं तरी आरक्षणांच्या संक्षिप्त खुणा, सर्व्हे नंबर, सिटीएस नंबर (शहरातल्या जमिनीचा मोजणी क्रमांक), रस्त्याची रुंदी दाखवणाऱ्या रेषा हे सगळं जुळवून ‘अच्छा, म्हणजे हे माझं घर’ इथपर्यंत पोचायला आर्किटेक्ट मित्र लागतो. ज्याला तसा मित्र नाही त्याची हरकत नाही, असा सरळ हिशोब. काय करता येईल? दोन पानांची साध्या मराठीतली टिपण, तुमच्या वॉर्डात काय बदलतंय, कुणाला फायदा, कुणाचं जातंय, किती खर्च. २०१४च्या केंद्राच्या त्या धोरणात असली सोपी टिपण मसुद्यासोबत द्यावी असं चक्क लिहिलेलं आहे, आर्थिक परिणाम आणि लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल तेही सांगावं असं आहे. फक्त तो कायदा नाही, धोरण आहे, त्यामुळे पाळलं नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण त्यात आपणही येतो. कोण येतं या सगळ्यात? पुणे महापालिकेने २००६-०७च्या बजेटपासून एक चांगली सोय सुरू केली, सहभागी अंदाजपत्रक. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची, एका कामाला पाच लाखांची मर्यादा, आणि त्यातली निवडलेली कामं पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये. भारतात मोठ्या शहरात असं करणाऱ्या पहिल्या काही महापालिकांपैकी ही एक, त्याबद्दल कौतुकच आहे. पण सूचना कसल्या येतात बघा, फुटपाथ, पेव्हर ब्लॉक, दिवे, बाकडी. वाईट नाही काही. पण हा फॉर्म भरतो कोण, तर ज्याला तो निघालाय हे कळतं, ज्याला दुपारी ऑफिसात जाता येतं किंवा ऑनलाइन भरता येतो, म्हणजे सोसायटीचे रिटायर्ड काका आणि आपल्यासारखे लोक. कचरा वेचणारी बाई, बांधकामावरचा मजूर, भाजीची गाडी लावणारा, भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं, यांच्या गरजा फुटपाथपेक्षा फार वेगळ्या असतात, कधीकधी तर बरोब्बर उलट, काकांना फुटपाथ मोकळा हवा असतो आणि गाडीवाल्याला तिथे बसायचं असतं.

ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातली, १९८९ पासूनची. तिथे एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. वस्त्यावस्त्यांतल्या सभांमध्ये लोक आपापले अग्रक्रम ठरवायचे, पण पैसे वाटताना फक्त कोण जास्त आलं, कोण जास्त ओरडलं एवढंच बघायचे नाहीत, तर त्या भागात लोक किती आणि पाणी, गटार, रस्ते यांची कमतरता किती यालाही मार्क असायचे. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला जास्त वजन. आपण सगळ्यांना सारखी संधी दिली म्हणतो, आणि सारखी संधी दिली की ज्याच्याकडे वेळ जास्त तो जिंकतो.

गावातही हेच. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की सभा कायदेशीर. ती जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. आता हा नियम वाईट हेतूने केलेला नाही, नाहीतर कामंच अडून बसतील, पण याचा वापर कसा होतो ते गावात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी रिकाम्या खुर्च्या, तहकूब, पुढच्या तारखेला सरपंचाच्या जवळची पंधरा माणसं, रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. बायकांसाठी नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, आणि मला वाटतं ती आपल्या कायद्यातली फार चांगली तरतूद आहे, कारण मोठ्या सभेत सासरे, दीर समोर बसलेले असताना दारूचं दुकान बंद करा म्हणायला किती जणी उठतील? पण ही सभा सकाळी अकराला ठेवली तर शेतावर मजुरीला जाणारी बाई रोज बुडवून येणार नाही. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न तिचा, आणि सभा तिच्या मजुरीच्या वेळेत. संध्याकाळी सातला ठेवा, अंगणवाडीत ठेवा, लहान पोरांना सांभाळायला कुणीतरी ठेवा, एवढ्याने गर्दी बदलते. याला कुठलंही ॲप लागत नाही.

मुंबईच्या डीपीत याची एक उजळ बाजू पण आहे. ‘हमारा शहर मुंबई अभियान’ म्हणून वस्त्यांमधले लोक, फेरीवाले, बायकांच्या संघटना, बेघरांसोबत काम करणारे असे एकत्र आले आणि त्यांनी मसुदा येण्याची वाट न बघता आधीच वॉर्डावॉर्डात बसून आपल्याला शहराकडून काय हवं ते लिहून काढलं. शेवटी मंजूर झालेल्या आराखड्याच्या नियमावलीत बेघर निवारा, नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह, आधार केंद्र (आधार कार्डाचं नव्हे, गरजूंना आधार देणारं) असल्या गोष्टी आल्या, ज्या जुन्या आराखड्याच्या डोक्यातच नव्हत्या. सगळं मिळालं असं नाही, नकाशावर आलेलं जमिनीवर यायलाही अजून वेळ आहे, पण एकटा माणूस हरकत घेतो तेव्हा तो आपल्या भिंतीबद्दल बोलतो आणि अशी मंडळी एकत्र बसतात तेव्हा शहराबद्दल बोलतात, हा फरक त्यात दिसतो.

आणि मग मेंढा-लेखा. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम केलेले मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्याच्याशी जोडलेली. २००९ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. याच्या बातम्या खूप झाल्या, पण तिथली खरी युक्ती बातम्यांत फारशी येत नाही. तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. अभ्यासगटात एखादा विषय घेऊन बसायचं, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवून प्रश्न विचारायचे, हिशोब मांडायचा. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने, एखाद्याचा ठाम विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, परत बोलायचं. कटकटीचं काम आहे. वेळ लागतो. पण हात वर करून एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास केलं की एकोणपन्नास लोक दुसऱ्या दिवसापासून तो निर्णय मोडायच्या मागे लागतात, आणि जंगल राखायचं असेल तर ते परवडत नाही.

आपल्याकडच्या बाकीच्या सगळ्या प्रक्रियेत हाच तुकडा गायब असतो बघा, अभ्यासाचा. मत मागतात पण मत बनवायला जागा देत नाहीत. जनसुनावणीला मांडव असतो, पोलीस असतात, कंपनीचा माणूस स्लाइड दाखवतो, माइक फिरतो, प्रत्येकाला दोन मिनिटं, त्यात निम्मे घोषणा देतात निम्मे भाषण करतात आणि कुणीच कुणाचं मत ऐकून आपलं बदलत नाही, कारण त्यासाठी ती रचनाच नाही.

दीड कोटीच्या शहराला गोंड गावासारखं झाडाखाली कसं बसवणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याला एक उत्तर आयर्लंडने दिलं, चिठ्ठ्या टाकून. २०१६ मध्ये तिथे नागरिकांची सभा बसवली, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय अध्यक्ष आणि सोबत ९९ साधे नागरिक, लॉटरीसारखे निवडलेले, पण वय, स्त्री-पुरुष, शहर-गाव, आर्थिक स्तर यांचा तोल सांभाळून. विषय गर्भपाताचा, म्हणजे त्या कॅथलिक देशात हात लावला की भाजेल असा. ही माणसं कित्येक वीकेंड एकत्र बसली, डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे लोक सगळ्यांचं ऐकलं, छोट्या टेबलांवर चर्चा केली आणि मग शिफारस दिली. मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातबंदी उठवायच्या बाजूने कौल दिला. विषय तुम्हाला पटो न पटो, पद्धत बघण्यासारखी आहे. चिठ्ठीत नाव निघालं की तिथे रिटायर्ड काका पण येतात आणि डिलिव्हरी करणारा मुलगा पण येतो, आणि काकांना त्याचं ऐकावं लागतं. महापालिकेच्या एखाद्या पार्किंग धोरणासाठी असे पन्नास लोक चिठ्ठीने निवडून, त्यांना रोजचा भत्ता देऊन चार शनिवार बसवायला काय हरकत आहे? भत्ता महत्त्वाचा. फुकट वेळ फक्त ज्याचं पोट भरलेलं आहे तोच देऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्त असूनही कुणी न करणारं काम: उत्तर देणं.

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीचा मसुदा मार्च २०१३ मध्ये आला तेव्हा त्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती पडल्या. कायद्याप्रमाणे त्या ऐकते नियोजन समिती, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, म्हणजे सात माणसं. प्रत्येक हरकतीला फक्त तीन मिनिटं धरली तरी चार हजार तास होतात, रोज आठ तास बसले तर पाचशे दिवस. साहजिकच सारख्या दिसणाऱ्या हरकतींचे गठ्ठे बांधतात आणि गटाने बोलावतात. लोक कामधंदा सोडून पत्र घेऊन कॉरिडॉरमध्ये उभे, नंबर पुकारला की आत, ‘हं, बोला’, आणि निम्मं वाक्य झालं की ‘ठीक आहे, नोंद घेतली’. पुढे त्या समितीतच एकमत झालं नाही, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या ताब्यात घेतला, आणि मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. ज्यांनी हरकत घेतली होती त्यांना आपल्या हरकतीचं काय झालं हे नकाशा बघून ओळखायचं.

अधिकाऱ्यांची पण बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. त्या हजारो हरकतींमध्ये एकाच मजकुराच्या झेरॉक्स किती असतात हे एकदा बघाच. कुणीतरी नमुना टाइप करतो, खाली नाव आणि सही, सोसायटीच्या सगळ्या फ्लॅटमधून एकेक. संख्या फुगते, पेपरात बातमी येते, पण समितीसाठी तो एकच मुद्दा असतो. आपण हे निवडणुकीसारखं समजतो, जास्त कागद म्हणजे जास्त ताकद. राजकीय दबाव म्हणून त्याचा उपयोग होतो, मुंबईत झाला तसा, पण आराखड्यातली एक रेष हलवायला दोनशे झेरॉक्सपेक्षा मोजमापासकट एक नीट हरकत जास्त कामाची.

गोव्यात हे उत्तर न देण्याचं दुखणं वेगळ्या रीतीने दिसलं. ‘गोवा बचाओ अभियान’च्या आंदोलनानंतर २००७च्या सुरुवातीला तिथला प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला, मग चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुरचनाकाराला घेऊन कृती दल नेमलं आणि आराखडा २०२१ करताना गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून लोकांची मतं घेतली. देशात फार कमी ठिकाणी इतक्या खालपर्यंत विचारलं गेलं असेल. पण अंतिम नकाशे आल्यावर बऱ्याच गावांतून तक्रार एकच, आम्ही सांगितलं एक आणि आलं दुसरं, आणि का आलं ते कुणी सांगत नाही. २०१२ मध्ये तो आराखडा थंड्या बस्त्यात गेला. एवढं विचारून झाल्यावर असं झालं की माणूस न विचारल्यापेक्षा जास्त बिथरतो, आणि पुढच्या वेळी सभेला येत नाही.

उत्तर देणं म्हणजे प्रत्येकाचं मान्य करणं नव्हे. नाही म्हणा, पण का नाही ते लिहा. ‘पर्यायी रस्ता सुचवला तो नाल्यावरून जातो म्हणून शक्य नाही’ इतकं एक वाक्य पुरतं. याला नवीन कायदा पण नको. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्पवाल्याचं म्हणणं यांचं टिपण स्थानिक भाषेतही करायचं, ते इतिवृत्ताला जोडायचं आणि सुनावणीच्या शेवटी कामकाज लोकांना वाचून दाखवायचं असं आहेच. २०१४च्या धोरणात आलेल्या मतांचा सारांश वेबसाइटवर टाकायला सांगितलंय. तोच साचा डीपीला, बजेटला, शासन निर्णयांना लावायचा. चार रकाने: मुद्दा काय, किती जणांनी मांडला, मान्य की अमान्य, कारण. आजही समितीच्या अहवालात तक्ते असतात, फक्त शेवटच्या रकान्यात ‘अमान्य करण्यात येत आहे’ एवढंच असलं तर तो रकाना असून नसल्यासारखा.

तोपर्यंत आपल्या हातात काय? पुढच्या वेळी चौकट दिसली तर ‘आमचा या आराखड्यास तीव्र विरोध आहे’ असं लिहू नका. शीट नंबर, सर्व्हे किंवा सिटीएस नंबर, आरक्षणाचा क्रमांक, जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे त्याचे फोटो, तुमचं म्हणणं, आणि त्याला पर्याय. पर्याय दिलेली हरकत फेटाळताना समोरच्याला जरा तरी विचार करावा लागतो. एका कागदावर एकच मुद्दा, स्वतःच्या शब्दांत, आणि शेवटी ‘मला वैयक्तिक सुनावणी द्यावी’ हे वाक्य. वस्तीतली चार माणसं, घरकाम करणाऱ्या ताई, कोपऱ्यावरचा गाडीवाला यांच्याशी बोलून त्यांचीही हरकत त्यांच्या नावाने लिहून द्या, मजकूर लिहायला मदत करा पण मुद्दा त्यांचाच ठेवा. आवक नंबर आणि शिक्का घेतलेली पोच जपून ठेवा, व्हॉट्सअपवर स्वतःलाच फोटो पाठवून ठेवलात तर उत्तम.

आणि निकाल लागला, तुमची हरकत बसली नाही, तर माहिती अधिकार आहे. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये दोन गोष्टी आहेत ज्या फार लोक वापरत नाहीत: लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करायची, आणि प्रशासकीय निर्णयांची कारणं ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांना द्यायची. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, फी दहा रुपये. तेवढ्यात हा मजकूर आरामात बसतो: ‘माझी अमुक आवक क्रमांकाची, अमुक तारखेची हरकत अमान्य करताना नोंदवलेली कारणे आणि त्यासंबंधीच्या टिपणीची प्रत मिळावी.’ टिपणीच नसेल, तर तसं लेखी द्यायला सांगायचं.